नोंदीतला माणूस

पोलंडच्या पश्चिम टोकाला, जर्मन सरहद्दीजवळ झागान नावाचं गाव आहे. युद्धाच्या काळात ते जर्मनीत होतं आणि तेव्हाच्या नकाशांवर त्याचं नाव सागान. बर्लिनहून निघालं की कॉटबुस, फोर्स्ट, झारी ही गावं मागे पडत जातात. वाटेत डोंगर नाही की घाट नाही. पाइनच्या रांगाच रांगा आणि त्यांच्या बुंध्यांशी भुरकट माती. गाव तसं इतिहासातलं आहे. बोब्र नदीकाठी मोठा राजवाडा आहे, सेनापती वॉलेनस्टाइनची इथे सत्ता होती आणि ग्रहांच्या गतीचे नियम मांडणाऱ्या केप्लरने त्याच्याच आश्रयाने आयुष्याची अखेरची दोन वर्षं इथे काढली. पण परदेशातून येणारा माणूस बहुधा राजवाडा बघायला येत नाही. तो गावाच्या दक्षिणेकडच्या जंगलात शिरतो, कारण तिथे जर्मन हवाई दलाची ‘श्टालाग लुफ्ट ३’ ही युद्धकैद्यांची छावणी होती आणि २४ मार्च १९४४ च्या रात्री तिथून ७६ कैदी भुयारातून निसटले होते. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रपटाने ती रात्र जगभर पोचवली. त्यातली मोटारसायकलची उडी घडलेलीच नाही, पण ते सोडून देऊ. माझं म्हणणं असं आहे की या जागेची आठवण आपण भलत्याच टोकाने धरून ठेवली आहे. शत्रूच्या शहरांवर बॉम्ब टाकता टाकता त्याच शत्रूच्या मुलखात पडलेला माणूस कैदेत तीन-तीन, चार-चार वर्षं जगला, तो मुख्यतः त्याचं नाव जिनिव्हाला कळवलेल्या एका यादीत होतं म्हणून. ज्यांचं नाव त्या यादीत चढलं नाही, किंवा चढून पुसलं गेलं, त्यांचं काय झालं याचे पुरावे याच मातीत आणि आसपासच्या मुलखात पडलेले आहेत.

आधी भुयाराकडेच जाऊ, कारण ते बघण्यासारखं आहे यात शंका नाही. १०४ क्रमांकाच्या बराकीच्या पायाच्या खुणा अजून दिसतात आणि तिथून निघालेल्या ‘हॅरी’ या भुयाराची रेघ जमिनीवर दगडांनी आखून ठेवली आहे. लांबी सुमारे शंभर मीटर. दोन मिनिटांत चालून होते. पायाने वरची माती जरा बाजूला सारली की हे काम किती अवघड होतं ते कळतं. वरचा थर राखाडी, आणि त्याच्याखाली लगेच पिवळी, कोरडी, भुसभुशीत वाळू. ही वाळू दोन्हीकडून वैरीण होती. आधार दिल्याशिवाय ती टिकत नाही आणि वर आणून टाकली तर रंगामुळे लगेच उघडी पडते. म्हणूनच तर जर्मनांनी छावणीला ही जागा निवडली, बराकी जमिनीपासून उंच उचलून बांधल्या आणि खणण्याचा आवाज टिपायला जमिनीत मायक्रोफोन पुरले. कैदी नऊएक मीटर खोल गेले. खाटांच्या फळ्या काढून त्यांनी भिंती आणि छत सावरलं. विजारीच्या आत लांबट पिशव्या लोंबत्या सोडून, दोरी ओढून, चालता चालता वाळू बागेच्या मातीत मिसळून टाकली. भुयारात हवा खेळवायला भात्याला जोडलेली नळी होती आणि ती नळी दुधाच्या पावडरचे डबे एकात एक बसवून केलेली होती. या डब्यांपाशी मी थांबतो. ते रेडक्रॉसच्या पार्सलांतून आलेले होते. १९४३ च्या ऑक्टोबरात शेजारच्या विभागातून तिघे जण कसरतीच्या लाकडी घोड्याच्या आडून भुयार खणून स्वीडनला पोचले. त्यांतला एरिक विल्यम्स हा स्टर्लिंग बॉम्बरवरचा नॅव्हिगेटर. तो घोडाही बराचसा रेडक्रॉसच्या खोक्यांच्या प्लायवूडचा होता. म्हणजे पळून जाण्याचं सामानसुद्धा कराराच्या वाटेने आत आलेलं होतं. अंगात खणण्याची ताकद ठेवणारं मांस, साखर, चीजही त्याच खोक्यांतून येत होतं.

हे लोक कोण होते हे नीट समजायला इंग्लंडात लिंकनला जावं लागतं. शहराबाहेरच्या टेकडीवर बॉम्बर कमांडचं स्मारक आहे. मधला पोलादी मनोरा १०२ फूट उंच, म्हणजे लँकॅस्टर विमानाच्या पंखांचा विस्तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढा, तेवढा. भोवतीच्या भिंतींवर सुमारे ५८,००० नावं कोरलेली आहेत. लँकॅस्टरमध्ये सात माणसं असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनियर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. एका पाळीत साधारण ३० मोहिमा. बॉम्बर कमांडमध्ये विमानांतून गेलेले एकूण लोक सव्वा लाखाच्या घरात. त्यांतले ५५,५७३ मेले आणि ९,८३८ कैद झाले. एका कैद्यामागे पाचांहून जास्त मृत, हे प्रमाण काय सांगतं? कैद होणं ही या लोकांत नशीबवानाची गोष्ट होती. फ्रीमन डायसन हा पुढे नाव काढलेला भौतिकशास्त्रज्ञ तरुणपणी बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात होता. पाडलेल्या हॅलिफॅक्समधले साधारण चौथाई लोक वाचत असताना लँकॅस्टरमधले शंभरातले पंधराच का वाचतात, या प्रश्नाचा तिथे शोध घेतला गेला. बाहेर उडी टाकायची लँकॅस्टरची झडप हॅलिफॅक्सच्या झडपेपेक्षा दोन इंच अरुंद होती. पॅराशूट बांधलेला माणूस अंधारात, गिरक्या घेणाऱ्या विमानात त्या बावीस इंचांतून निसटला की त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहत असे: खाली कोण भेटेल? १९४४ च्या ऑगस्टमध्ये र्‍यूसेल्सहाइम गावात, रात्रीच्या ब्रिटिश हल्ल्यानंतर रस्त्याने नेल्या जाणाऱ्या अमेरिकन विमान-सैनिकांना गावकऱ्यांनी ठेचून मारलं. तो हल्ला त्यांनी केलेलाही नव्हता. अशा वेळी विमान-सैनिक जगायचा तो कुणी गणवेशातल्या माणसाने त्याला ताब्यात घेतलं तर. १९२९ च्या जिनिव्हा करारातलं एक वाक्य इथे फार मोलाचं ठरतं. त्यानुसार कैदी हा त्याला पकडणाऱ्या माणसाच्या किंवा तुकडीच्या मालकीचा नसतो, तो शत्रुराष्ट्राच्या ताब्यात असतो. पकडणाऱ्याचा राग आणि कैद्याचा जीव यांच्यामध्ये एक कचेरी येऊन बसते.

ती कचेरी प्रेमळ होती असं मुळीच नाही. फ्रँकफर्टजवळच्या ओबरउर्सेलला नव्या विमान-कैद्याला एकट्याला कोठडीत ठेवत. मग एक जण रेडक्रॉसचा फॉर्म म्हणून कागद घेऊन येई. नाव, हुद्दा, नंबर यांच्या खाली हळूच स्क्वाड्रन, तळ, विमानाचा प्रकार हे रकाने. घरच्यांना लवकर कळावं म्हणून भरा, असं सांगत. फॉर्म खोटा असे. पण तो खोटा फॉर्म छापावासा वाटला, यातच खऱ्याचं वजन कळतं. छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत घरी आपण कैदेत आहोत एवढं सांगणारं कार्ड पाठवण्याचा हक्क कराराने दिला होता, आणि ते कार्ड पोचेपर्यंत इंग्लंडातल्या घरी तो माणूस फक्त ‘बेपत्ता’ असे.

झागानचं संग्रहालय मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि भुयार बघून परतणाऱ्या अनेकांच्या लक्षात राहत नाही ते हे की संग्रहालय ज्या जागेवर आहे तिथे दुसरीच छावणी होती. ‘श्टालाग आठ-क’. तिथे फ्रेंच, बेल्जियन, युगोस्लाव्ह होते, आणि १९४१ नंतर सोव्हिएत सैनिकही आले. तेच जंगल, तीच थंडी, तेच राज्य. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, बहुतेक भुकेने, थंडीने, टायफसने किंवा गोळीने. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींच्या कैद्यांत हे प्रमाण शंभरात चारच्याही आतलं होतं. सोव्हिएत संघाने १९२९ च्या करारावर सही केली नव्हती, हे जर्मनांनी निमित्त केलं. निमित्तच, कारण जर्मन हेरखात्याच्या प्रमुखाने, कॅनारिसने, सप्टेंबर १९४१ मध्येच लेखी कळवलं होतं की करार नसला तरी कैद्यांना मारणं युद्धाच्या सर्वमान्य नियमांना धरून नाही. लष्कराच्या सर्वोच्च कचेरीचा प्रमुख कायटेल याने ती हरकत बाजूला सारली. सोव्हिएत सैनिक कमी शूर होते का? कमी चिवट? त्यांना पळून जायची इच्छा कमी होती? यांपैकी काहीच म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी पार्सल येत नव्हतं, तपासणीला स्विस वकिलातीचा माणूस येत नव्हता आणि मॉस्कोला यादी जात नव्हती. शौर्याने माणूस कैदेत जगतो असं मानायचं तर या लाखोंच्या मरणाचं आपल्याकडे उत्तर नाही.

यावर कुणी म्हणेल, आणि ते वाजवी आहे, की तिथे वंशद्वेष होता. कागद हे निमित्त, खरं कारण जर्मनांनी स्लाव्ह लोकांना माणसात न धरणं. वंशद्वेष होताच. म्हणून मी दुसरा पुरावा पुढे करतो. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या फ्रेन तुरुंगातून १६८ दोस्त विमान-सैनिक बुखेनवाल्ड या छळछावणीत पाठवले गेले. हे अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे. त्यांचा म्होरक्या फिल लॅमेसन हा लँकॅस्टरचा वैमानिक. विमान पडल्यावर फ्रेंच लोकांच्या घरी लपलेले, साध्या कपड्यांत, खोट्या कागदांसह ते पकडले गेले होते, आणि गेस्टापोने त्यांना युद्धकैदी मानायला नकार दिला. वंश तोच, पेशा तोच, स्क्वाड्रनही कदाचित तेच जे सागानमधल्या कैद्यांचे. पण इथे डोकी भादरलेली, पाय अनवाणी, सुरुवातीचे दिवस उघड्यावर दगडांवर, आणि मरणाची टांगती तलवार. दोघे तिथे मेले. लॅमेसनने कशीबशी ही खबर जर्मन हवाई दलापर्यंत पोचवली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतल्या बहुतेकांना तिथून काढून आणलं गेलं. कुठे? सागानला. जी छावणी चित्रपटात पळून जाण्याची जागा आहे, ती या लोकांसाठी सुटून येण्याची जागा होती.

दुसरा आक्षेप जास्त कडक आहे: करारबिरार काही नाही, ही निव्वळ भीती होती. ब्रिटनच्या ताब्यात जर्मन कैदी होते म्हणून ब्रिटिश कैदी जगले. याला आधार आहे. १९४२ च्या दिएप हल्ल्यानंतर जर्मनांनी ब्रिटिश आणि कॅनेडियन कैद्यांना हातकड्या घातल्या, तेव्हा ब्रिटननेही जर्मन कैद्यांना घातल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये, ड्रेस्डेनवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर, हिटलर जिनिव्हा करार सोडण्याच्या बेतात होता. त्याला अडवणाऱ्या नौदलप्रमुख ड्योनित्झने माणुसकीचं नाव घेतलं नाही. तोट्यापेक्षा फायदा कमी, आणि जे करायचं ते जाहीर न करता करावं, असाच त्याचा सल्ला होता. मी हे सगळं मान्य करतो. पण परतफेडीची भीती वाटायला आधी मोजता आलं पाहिजे. कोण जिवंत आहे, कोण कुठे आहे, काल होता तो आज का नाही, हे दुसऱ्या बाजूला कळलं तरच धाक राहतो. बुखेनवाल्डमधल्या १६८ जणांसाठी लंडनला कुणाला धाक घालता येत नव्हता, कारण ते तिथे आहेत हेच लंडनला ठाऊक नव्हतं. युद्धाच्या अखेरीला हेच पुन्हा दिसलं. २७ जानेवारी १९४५ च्या रात्री, रशियन फौजा जवळ आल्यावर, सागान रिकामं करायचा हुकूम सुटला. कडाक्याच्या थंडीत, बर्फातून, खोक्यांच्या घसरगाड्या ओढत हजारो कैदी श्प्रेमबर्गपर्यंत चालले आणि तिथून गुरांच्या डब्यांत कोंबले गेले. रस्त्यावर आलेल्या कैद्यांची यादी राहत नाही. १९ एप्रिलला ग्रेसे गावाजवळ अशाच एका तांड्यावर ब्रिटनच्याच विमानांनी शत्रूचं सैन्य समजून मारा केला. त्या तांड्याचा निवडून दिलेला नेता सार्जंट जेम्स डीन्स, स्वतः व्हिटली बॉम्बरचा वैमानिक, सायकलवरून आघाडी ओलांडून गेला, ही माणसं कोण आहेत ते आपल्याच लोकांना सांगायला.

मग त्या पन्नास जणांचं काय? भुयारातून निसटलेल्या ७६ पैकी तिघे, दोन नॉर्वेजियन आणि एक डच, सुखरूप पोचले; ७३ सापडले, आणि हिटलरच्या हुकमावरून ५० जणांना गोळ्या घातल्या. त्यांची नावं तर यादीत होती. करार इथे हरला, आणि ते हरणं लहान नव्हतं. पळून जाण्याची जास्तीत जास्त शिक्षा करारात ३० दिवसांची कोठडी होती. गुन्हे पोलिसांचा प्रमुख आर्थर नेबे याने कैद्यांची कार्डं समोर घेऊन, वय आणि बायकामुलं बघत, ती दोन गठ्ठ्यांत टाकली. जिवंत ठेवण्यासाठी केलेली नोंद मारण्यासाठी वापरली गेली, आणि माझ्या म्हणण्यावर याहून जड आक्षेप मला दिसत नाही. तरीही पुढचं पाहावं लागतं. छावणीतले ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी मॅसी यांना बोलावून पळताना इतके जण मारले गेले असं सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी विचारलं, जखमी किती? एकही नाही, असं उत्तर मिळालं. त्या उत्तराने खोटं तिथेच उघडं पडलं. स्विस प्रतिनिधीमार्फत बातमी लंडनला गेली, पार्लमेंटमध्ये निवेदन झालं. राखेचे कलश छावणीत आले त्यांच्यावर दहनाच्या गावांची नावं होती आणि युद्धानंतर तपासाला त्यांचाच धागा मिळाला. पूर्वी पोलीस असलेल्या फ्रँक मॅकेनाने माणसं हुडकली, १९४७ मध्ये हॅम्बुर्गला खटला चालला, पुढच्या वर्षी तेरा जण फासावर गेले. पन्नासांतल्या बहुतेकांचे कलश आज पोझनानच्या टेकडीवरच्या लष्करी स्मशानात आहेत, प्रत्येकाच्या नावाच्या दगडाखाली. श्टालाग आठ-क मध्ये मेलेल्या सोव्हिएत सैनिकांची अशी यादी बाहेर कुणाकडे गेलीच नव्हती.

जिमी जेम्स हा माणूस यादीतली आणि यादीबाहेरची अशा दोन्ही बाजू जगला. आसामात जन्मलेला, ९ व्या स्क्वाड्रनच्या वेलिंग्टन बॉम्बरचा दुसरा वैमानिक, जून १९४० मध्ये नेदरलँड्सवर पाडला गेला. तो हॅरीतून बाहेर पडला, बरोबरच्या ग्रीक वैमानिकासह हिर्शबर्गला सापडला. त्या ग्रीकाला, स्कान्त्झिकासला, मारलं. जेम्सला बर्लिनच्या उत्तरेला झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठवलं. तिथेही त्याने सोबत्यांबरोबर भुयार खणलं आणि पुन्हा पकडला गेला. धाडसाचा पुतळा कुणाचा करायचा तर याचा करावा. पण त्याची पुढची लढाई जर्मनांशी नव्हती. १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीने नाझी छळाच्या ब्रिटिश बळींसाठी दहा लाख पौंड दिले, तेव्हा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना नाकारलं. कारण काय? हे लोक मुख्य छावणीच्या लगतच्या खास विभागात होते, म्हणून ते छळछावणीत धरायचे नाहीत. ज्या राज्यासाठी तो उडाला त्या राज्याच्या कचेरीतही तो कुठल्या रकान्यात बसतो यावर सगळं अडलं. नव्याने नेमलेल्या लोकपालांनी १९६७ च्या अखेरीस खात्याची चूक दाखवली आणि मग पैसे मिळाले.

शेवटचा आक्षेप जर्मन बाजूचा आहे, आणि तो झटकून टाकण्याची माझी तयारी नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गच्या आगीत तीस हजारांहून जास्त माणसं मेली, तळघरांत, मुलंबाळं धरून. त्यांच्या नावाचं कार्ड कुठे होतं? आग लावणाऱ्याला दर आठवड्याला चॉकलेटचं पार्सल आणि जळणाऱ्याला काहीच नाही, हा कसला न्याय? खरंच, १९२९ च्या करारात साध्या नागरिकाला जागाच नव्हती. १९४९ मध्ये चौथा जिनिव्हा करार झाला तो शत्रूच्या ताब्यातल्या नागरिकांसाठी. आकाशातून पडणाऱ्या बॉम्बबद्दल नियम यायला १९७७ उजाडलं. हा दोष कैद्यांच्या हक्काचा मानला तर उपाय म्हणून त्या विमान-सैनिकाचं कार्ड फाडावं लागेल, आणि त्याने हॅम्बुर्गचं एकही मूल परत आलं नसतं. हक्क कैद्याच्या पुण्याईवर दिला की पकडणाराच न्यायाधीश होतो, आणि र्‍यूसेल्सहाइमच्या रस्त्यावर तेच झालं.

ही गोष्ट युरोपातच संपत नाही. डिसेंबर १९७१ च्या युद्धात सुखोई-७ ही बॉम्बफेकी लढाऊ विमानं चालवणारे दोन मराठी आडनावांचे फ्लाइट लेफ्टनंट पाकिस्तानात पडले. दिलीप परुळकर यांची कैदी म्हणून नोंद झाली. १३ ऑगस्ट १९७२ ला ते दोन सोबत्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले, अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला सापडले, शिक्षा भोगली आणि वर्ष संपण्याआधी वाघ्यावरून परत आले. विजय वसंत तांबे यांचं आडनाव, जरा चुकीच्या स्पेलिंगने, पकडलेल्या वैमानिकांत एका पाकिस्तानी वर्तमानपत्राने युद्धाच्या सुरुवातीलाच छापलं होतं. पाकिस्तानने दिलेल्या कैद्यांच्या यादीत मात्र ते कधीच आलं नाही. भारत त्यांना बेपत्ता ५४ जणांत धरतो, पाकिस्तान असा कैदी नव्हताच म्हणतो. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, दशकानुदशकं दोन्ही सरकारांकडे एकच मागणी करत आल्या आहेत: नोंद दाखवा. २००७ मध्ये नातेवाइकांचं पथक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन रजिस्टरं बघून आलं, आणि त्यांना ते नाव सापडलं नाही.